केर

रेवणगावच्या घाटात तिसऱ्या वळणावर
इंजिन ओरडायचं, गाडी जागच्या जागी.
मागं उसाचा ट्रॅक्टर. त्याचा ड्रायव्हर उतरून आला,
"पाव्हणं, क्लच गेला वाटतं."
हिला क्लच नाही, म्हटलं.
तो हसला. मग हसायचा थांबला.

कोल्हापूरच्या शोरूमनं आकडा कागदावर लिहून
कागद उलटा सरकवला.
तेवढ्यात आमच्या लेंगऱ्यात एक विहीर होते.
पाण्यासकट.

मग दस्तगीर आला. एसटीच्या विटा डेपोत एकतीस वर्षं,
आटोमॅटिक त्यानं एकदाही उघडलेली नाही.
चहा नको म्हणाला,
अंगणात उताणा होऊन गाडीखाली सरकला
आणि आतूनच बोलला, "साधा बसवू की. निम्म्यात होतंय."
मी गप्प.
शालननं माझ्या चपलेकडं बघितलं.
बाहेर आल्यावर त्यानंही.
सेलममध्ये, पोंगलच्या आदल्या दिवशी,
तेजाबाची बरणी या डाव्या पायावर फुटली.
बोटं दोन आहेत. घोटा वळत नाही.
"बरं," दस्तगीर म्हणाला, "तेराचा पाना दे."

पॅन सोडला. तेल लाल असतं म्हणे;
हे काळं, करपलेल्या फोडणीच्या वासाचं.
परातीत वाहून निवांत झालं, आणि उन्हात
तळाशी काहीतरी चमकलं.

बावीस वर्षं मी चमकेवर जगलो.
सोनारांचा केर विकत घ्यायचा,
जाळायचा, कुटायचा, पाण्यात घोळायचा,
दुकानाचं पायपुसणंसुद्धा सोडायचं नाही,
आणि मुशीच्या बुडाला
मसुराएवढा दाणा निघाला की जेवायला बसायचं.
हात आपोआप परातीत गेला.
चिमटीत घेतली ती चकाकी, अंगठ्यावर घासली.
"काय निघतंय?" शालन.
"गाडीच निघतीया," दस्तगीर म्हणाला,
"थोडी थोडी."

दोन दिवस.
पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट,
चारी चाकांना वाटणी घालणारा डबा,
बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, खळग्या-खळग्यात चिठ्ठी,
शालनच्या अक्षरात:
वरचा डावा, लांब.
हा कुठला ते दस्तगीरभाईंना माहीत.
माथ्यावरचे दोन दिसतच नव्हते,
ते त्यानं तोंड फिरवून, नुसत्या बोटांनी काढले.
जॅकवर वाकळेची घडी, घडीवर ते धूड,
आणि शेजारचा बबन्या
उगाच "हळू, हळू" म्हणायला.

दुसरा आला सांगलीहून, भंगारातून,
पोत्यात गुंडाळलेला, टेम्पोत कांद्यांशेजारी.
ठोकलेल्या गाडीचा.
कुणाची, ते आम्ही विचारलं नाही.

कन्व्हर्टर बसवताना दस्तगीरनं सगळ्यांना गप्प केलं.
स्वयंपाकघरातला मिक्सरही बंद.
फिरवत फिरवत आत ढकलायचा.
एक खटका.
दुसरा.
"बसला," मी म्हणालो.
"नाही."
त्यानं हात काढला नाही.
"तीन ठिकाणी दातं हायती. दोनदा बोलला,
अजून एकदा बोलायचा राहिलाय."
बाहेर दूधवाल्याची फटफटी गेली, कुत्रं भुंकून थकलं,
त्याच्या मनगटाची शीर वर आली, खाली गेली.
तिसरा इतका हळू आला
की बबन्याला तो आधी ऐकू आला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी
पट्टी पुसून पुसून लाल तेल मोजलं.
दांडा डीवर ओढला.
गाडी किंचित पुढं कलली,
हो म्हटल्यासारखी.

घाटात, त्याच वळणावर,
डावा पाय मी सीटखाली ओढून घेतला.
त्याला काही काम नव्हतं.
दस्तगीर खिडकीबाहेर बघत होता,
पैशाचं मी काढू नये म्हणून.

परतलो तर अंगण झाडून झालेलं.
राख टाकून तेल उचललेलं,
लोखंडाचा कीस, गॅस्केटची साल, त्या चिठ्ठ्या,
काही काही शिल्लक नाही.
"कुठं टाकलंस?" मी विचारलं,
जरा मोठ्यानंच.
"उकिरड्यावर," शालन म्हणाली.
"केर होता."